पिक्सेल मोजले, प्रकाश कोण मोजणार?

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत मोबाइलच्या पानभर जाहिराती येतात. त्यांत किमतीखालोखाल मोठ्या टाइपात छापलेला आकडा असतो कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा. ५०, १०८, २००. दुकानदार तोच सांगतो आणि गिऱ्हाईकही तोच विचारते. फोटो कसा येणार हे ज्यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते, ते कॅमेऱ्यातील सेन्सरचे क्षेत्रफळ मात्र खोक्यावर बहुधा कुठेच नसते. कंपनीच्या तांत्रिक माहितीत खोलवर शोधले, तर ‘१/२.७६ इंच’ असे काहीतरी कोडे हाती लागते. ते कोडेही फसवेच आहे.

लग्नातले किंवा सहलीतले फोटो थोडे डावे-उजवे आले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. पण मोबाइलचा फोटो आता तेवढ्यापुरता राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोन, व्हिडिओ, चॅट यांवरून रुग्णाला सल्ला देण्याला अधिकृत चौकट मिळाली. अंगावर उठलेले चट्टे, मधुमेही माणसाच्या पायाची न भरणारी जखम, टाक्यांभोवतीची लाली, तान्ह्या बाळाचे पिवळसर दिसणारे डोळे यांचे फोटो आज डॉक्टरांच्या फोनवर रोज येऊन पडतात. आडगावातून त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा तर एक दिवस आणि एक मजुरी बुडते. त्यामुळे ही सोय लाखमोलाची आहे. पण ज्या चित्राकडे पाहून डॉक्टर ‘काळजी नको’ किंवा ‘ताबडतोब या’ म्हणतात, त्यातले किती कॅमेऱ्याने टिपलेले आणि किती फोनने रंगवलेले, हा प्रश्न त्यामुळेच केवळ हौशी छायाचित्रकारांचा उरत नाही.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा एक चपटा तुकडा. त्यावर लाखो-कोट्यवधी सूक्ष्म चौकटी आखलेल्या असतात. त्या म्हणजे पिक्सेल. प्रकाश फोटॉन नावाच्या कणांच्या रूपाने येतो. फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्या त्या चौकटीत साठून राहतो. ठरलेला वेळ संपला की प्रत्येक चौकटीत किती इलेक्ट्रॉन जमले ते मोजले जाते. जिथे जास्त तिथे उजेड, जिथे कमी तिथे अंधार. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी यातला पहिला यशस्वी प्रकार, सीसीडी, कल्पिला. त्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात अवघे १०,००० पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. आज खिशातल्या फोनमध्ये असतो तो सीमॉस जातीचा सेन्सर. १९९० च्या दशकात ‘नासा’च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने त्याला आकार दिला, तो अंतराळयानांतले कॅमेरे हलके आणि कमी विजेवर चालणारे व्हावेत म्हणून. गोळीसारखी गिळून लहान आतड्याचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली, तोही याच जातीच्या सेन्सरमुळे शक्य झाला. तिथे पिक्सेल किती, हे कोणी विचारले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. फोटॉन हे पावसाच्या थेंबांसारखे येतात, नळाच्या धारेसारखे नाही. भुरभुर पाऊस पडत असताना गच्चीवर दोन सारख्या वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर मिनिटभरात एकीत सात थेंब पडतील आणि दुसरीत बारा. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला, तरी वाट्यांवरून पाहणाऱ्याला तो वेगळा वाटेल. वाट्यांऐवजी दोन मोठी घमेली ठेवली, तर दोन्हींत पाणी जवळजवळ सारखे दिसेल. थेंबांची लहर घमेल्यात विरून जाते, वाटीत ती उघडी पडते.

संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत भिंतीवर जी रंगीबेरंगी वाळू पसरल्यासारखी दिसते, ती म्हणजे ही लहर. तंत्रज्ञ तिला ‘नॉइज’ म्हणतात. तिचे गणित साधे आहे. एका चौकटीत सरासरी १०० फोटॉन येत असतील, तर मोजणी सहज १० ने इकडेतिकडे होते, म्हणजे १० टक्के चूक. १०,००० फोटॉन येत असतील, तर मोजणी १०० ने हलते, म्हणजे चूक एकच टक्का. चढउतार फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाइतके असतात. यात कोणत्याही कारखान्याचा दोष नाही. प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. आजचे चांगले सेन्सर आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशातील अर्ध्याहून अधिक फोटॉन पकडतात. म्हणजे उद्या कोणी अगदी आदर्श सेन्सर बनवला, तरी फायदा दुपटीचाही होणार नाही. शंभरापैकी शंभराहून जास्त फोटॉन पकडण्याची युक्ती निसर्गाने ठेवलेली नाही.

मग उपाय एकच, प्रकाश जास्त गोळा करणे. शटर जास्त वेळ उघडे ठेवावे, तर हात हलतो आणि लहान मूल तर हलतेच. भिंगाचे तोंड मोठे करावे, तर फोनच्या जाडीची अडचण येते. उरते ते सेन्सरचे क्षेत्रफळ, आणि नेमके तेच गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. बाजारात ५० मेगापिक्सेलचे दोन सेन्सर आहेत. एकाच्या चौकटीची बाजू ०.६४ मायक्रॉन, म्हणजे सगळ्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस मिलिमीटर. दुसऱ्याच्या चौकटीची बाजू १.६ मायक्रॉन, क्षेत्रफळ सव्वाशे चौरस मिलिमीटरहून थोडे अधिक. एकाच्या सहापट दुसरा. भिंगे त्याच तोडीची असतील, तर प्रकाशही सहापट. दोघांच्याही खोक्यांवर आकडा मात्र एकच, ५०. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. लग्नात व्यावसायिक छायाचित्रकाराने २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो २०० मेगापिक्सेलच्या फोनपेक्षा उजवा का दिसतो, याचे मोठे कारण या गुणाकारात आहे.

कंपन्यांवर येथे एक अन्याय होऊ नये. क्षेत्रफळ तेवढेच ठेवून चौकटी जास्त पाडल्या, म्हणून फोटो फारसा बिघडतो असे नाही. भाकरीचे चार तुकडे केले काय अन् सोळा केले काय, पीठ तेवढेच. २०० मेगापिक्सेलचा फोन एरवी सोळा-सोळा चौकटींची बेरीज करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो जपून ठेवतो. भर दुपारी, लांबचे काही कापून मोठे करायचे असेल, तर बारीक चौकटींचा थोडा उपयोगही होतो. पण थोडाच. भिंगातून आलेला प्रकाश कधीच बिंदूवर एकवटत नाही, त्याचा ठिपका होतो. फोनचे भिंग अगदी निर्दोष असले, तरी एफ १.८ इतक्या छिद्राला हिरव्या प्रकाशाचा ठिपका सुमारे २.४ मायक्रॉन रुंद पडतो. त्याखाली ०.६ मायक्रॉनच्या चौकटी आडव्या चार आणि उभ्या चार बसतात. एकच पुसट ठिपका सोळा वेळा मोजून तपशील वाढत नाही. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या मस्तकावरचे रंगीत कॅमेरे अवघ्या दोन मेगापिक्सेलचे आहेत. खडकांचे थर वाचायला ते भूशास्त्रज्ञांना पुरले.

इंचाचे कोडे तर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या थाटाचे. ‘एक इंची’ सेन्सरचा कर्ण २५ मिलिमीटर असावा असे कोणालाही वाटेल. तो असतो १६ च्या आसपास. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असे, तिच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगत आणि प्रत्यक्ष चित्र त्याच्या दोन तृतीयांशच भागात उमटे. नळ्या भंगारात गेल्या, माप मागे राहिले. ते बदलण्याची घाई कोणालाच नाही, कारण चूक विक्रेत्याच्या पथ्यावर पडणारी आहे.

लहान सेन्सरमुळे कमी पडलेला प्रकाश फोन सॉफ्टवेअरने भरून काढतो. या भरून काढण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला प्रकार सरळ आहे. एका फोटोऐवजी फोन लागोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर नीट बसवतो आणि बेरीज करतो. पाऊस एकदा मोजण्याऐवजी दहा वेळा मोजण्यासारखे हे आहे. रात्रीचे फोटो अलीकडे सुधारले ते बरेचसे यामुळे. त्यात जमा झालेला प्रकाश खरा आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र फोन अंदाज करतो. इथे त्वचा असावी, तिथे केस असावेत, असे ओळखून त्वचा गुळगुळीत करतो आणि केसांना रेषा देतो. थोडा अंदाज प्रत्येक डिजिटल फोटोत असतोच, हे खरे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात योजलेल्या रचनेप्रमाणे प्रत्येक चौकटीवर हिरवी, लाल किंवा निळी यांपैकी एकच काच असते, आणि तिथले उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात. पण शेजारच्या मोजणीवरून हिशेब मांडणे वेगळे आणि पूर्वी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून गोष्ट रचणे वेगळे. २०२३ मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम पुसट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले आणि एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरे फोटोत ठसठशीत उमटली. चंद्र सगळ्यांचा एकच, त्यामुळे तिथे कोणाचे नुकसान झाले नाही.

पायावरची जखम प्रत्येकाची वेगळी असते. त्वचेवरच्या बारीक खपल्या, तिळाची दातेरी कड, एकाच डागातल्या दोन छटा या खुणा डॉक्टर शोधतात. आणि नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला बारीक खपली आणि बारीक नॉइज यांतला फरक नेहमीच कळेल असे नाही. ते दोन्ही पुसते. उजेड कमी तितकी पुसापुस अधिक. सावळ्या त्वचेवरून प्रकाश कमी परततो, म्हणजे तिथल्या चौकटींत फोटॉन आधीच कमी. गोऱ्या त्वचेवर चटकन दिसणारी लाली सावळ्या त्वचेवर मुळातच ओळखायला कठीण, त्यात फोनने तिच्यावर हात फिरवला तर उरते काय? महाराष्ट्रातल्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ही काही अपवादाची गोष्ट नाही. सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा उजळ आणि नितळ करणारी सोय काही फोनमध्ये आधीपासूनच चालू असते. मुरुमांचा फोटो डॉक्टरांना पाठवणाऱ्या कॉलेजच्या मुलाला ते ठाऊक नसते.

रंगाची कथाही अशीच. पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद पांढरा दिसावा म्हणून फोन सगळ्या चित्राचा रंग सरकवतो. किती सरकवायचा, हा पुन्हा अंदाज. नवजात बाळाच्या काविळीत नेमका पिवळेपणाच तर पाहायचा असतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी फोनच्या फोटोवरून ही कावीळ ओळखण्याचे तंत्र विकसित करायला घेतले, तेव्हा त्यांनी बाळाच्या अंगावर ठरावीक रंगांचे एक कार्ड ठेवले. कार्डावरचे रंग ठाऊक असल्याने फोनने किती ढवळाढवळ केली ते मोजता येते. कॅमेऱ्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, हे त्यांनी पहिल्या पायरीलाच ठरवले होते.

वैद्यकीय यंत्रांच्या बाबतीत हा हिशेब डॉक्टर मंडळी रोज करतात. सीटी स्कॅनमधला नॉइज निम्मा करायचा, तर क्ष-किरणांची मात्रा चौपट करावी लागते. तोच वर्गमुळाचा नियम. म्हणून लहान मुलाचे स्कॅन थोडे खरखरीत आले तरी तज्ज्ञ ते चालवून घेतात, कारण निदानाला तेवढे पुरते आणि मुलाच्या अंगात किरण कमी जातात. आता सीटी यंत्रांतही चित्र स्वच्छ करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. पण ती बाजारात येण्यापूर्वी नियामकापुढे पुरावा ठेवावा लागतो, लहान गाठ तिने पुसली तर नाही ना हे तपासले जाते. फोनमधल्या तशाच सॉफ्टवेअरला असे कोणी विचारत नाही. फोन हे वैद्यकीय उपकरण नाही, असे कंपन्या म्हणतील, आणि कागदोपत्री ते बरोबरही आहे. दवाखान्याच्या बाहेर मात्र तो त्याच कामाला लागला आहे.

बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापणे २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनी बंधनकारक आहे. पुडा कितीही फुगवलेला असो, आत ग्रॅम किती ते गिऱ्हाइकाला कळते. मेगापिक्सेल हा फुगवलेला पुडा आहे. सेन्सरचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये, फोनवरच्या प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगवेगळे, खोक्यावर छापायला कंपन्यांना एक पैसाही जास्त लागणार नाही. दुसरी मागणी याहून महत्त्वाची. ‘जसे टिपले तसे’ असा एक साधा पर्याय प्रत्येक फोनमध्ये, अगदी स्वस्तातल्या फोनमध्येही, हवा. ज्यात बेरीज चालेल, रचना चालणार नाही. काही महागड्या फोनांत ‘रॉ’ फाइल मिळते, पण ती उघडायला वेगळे सॉफ्टवेअर लागते आणि रुग्णाच्या घरच्यांना ती जमण्यासारखी नाही.

तोवर हाताशी असलेल्या फोनकडून थोडे अधिक काढता येते. दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन न येईल अशा जागी फोटो काढला, तर लहान सेन्सरलाही भरपूर फोटॉन मिळतात आणि सॉफ्टवेअरचे हात आपोआप आखडतात. मागचा मुख्य कॅमेरा वापरावा. अगदी जवळ नेला की अनेक फोन गुपचूप दुसऱ्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर उडी मारतात. म्हणून वीतभर मागे येऊन काढलेला फोटो नंतर कापून मोठा करणे बरे. शेजारी पांढरा कागद आणि दहा रुपयांचे नाणे ठेवले, तर रंगाचा आणि मापाचा अंदाज येतो. नाणे २७ मिलिमीटरचे आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तसाच पोहोचतो.

एवढे करूनही पलीकडच्या पडद्याचे काय, हा प्रश्न राहतोच. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून अनेकांच्या फोनवर पडदा पिवळसर करणारी सोय चालू असते, डॉक्टरांच्याही. बाळ पिवळे दिसते का, हा प्रश्न बहुतेकदा रात्रीच विचारला जातो. अशा वेळी फोटोवर उत्तर न देता ‘बाळाला घेऊन या’ असे सांगणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांत बिलिरुबिन किती ते नेमके कळते.